पॉइंट जमा, मुद्दल अडकले

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान आमचे चिंचपाडा आहे. गाव लहान, भोवती आदिवासी पाडे, आणि आमचे दुकान किराणा-धान्याचे. मोबाईलवरून पैसे देणे येथे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. पण क्रेडिट कार्ड पुढे करणारा ग्राहक मला क्वचितच भेटला. त्यामुळे गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतण्याने आपल्या मोबाईलमधील भेटकार्डांची लांबलचक यादी दाखविली, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

“काका, मी खर्च वाढवत नाही. जो खर्च होणारच आहे, तोच आधी करतो,” तो म्हणाला. रीत अशी : बँक क्रेडिट कार्डावरील खर्चावर पॉइंट देते. भेटकार्डांच्या खरेदीवर कधी कधी नेहमीपेक्षा अधिक पॉइंट मिळतात. अशा वेळी किराणा, कपडे, प्रवास यांची भेटकार्डे घेऊन ठेवायची आणि पुढील काही महिने घरखर्च त्यांतून भागवायचा. याच पॉइंटांवर त्याने आईवडिलांना शिखरजीच्या यात्रेसाठी रांचीपर्यंत विमानाने नेले होते. माझ्या भाभींनी आयुष्यात प्रथम विमान पाहिले ते आतून! तेव्हा हा लाभ खोटा आहे, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न एवढाच, की हा पैसा येतो कोठून? कार्ड स्वीकारणारा दुकानदार प्रत्येक व्यवहारामागे बँकांना काही रक्कम देतो. तिचाच एक अंश पॉइंटांच्या रूपाने ग्राहकाकडे परततो. दुसरा स्रोत म्हणजे वेळेवर बिल न भरणाऱ्यांचे व्याज. म्हणजे काटेकोर ग्राहकाच्या विमानप्रवासाला कोणीतरी बेसावध ग्राहक हातभार लावीत असतो. आपण त्या दोघांपैकी कोण, हे मात्र महिनाअखेरीस ठरते.

अमेरिकेत ही कला पराकोटीस गेली. तेथील सरकारी टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच देण्याची योजना काढली. चतुर मंडळींनी ती क्रेडिट कार्डावर मागविली, बँकेत भरली, त्याच पैशांतून बिल फेडले आणि विमानप्रवासाचे पॉइंट पदरात पाडून घेतले. अखेर २०११ च्या जुलैत टांकसाळीने या योजनेत क्रेडिट कार्ड घेणे बंद केले. एका दांपत्याने तर २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत कार्डांवर ६० लाख डॉलरहून अधिक खर्च दाखविला. त्यातील बहुतांश भेटकार्डांवर. त्या कार्डांतून पुन्हा मनीऑर्डरी काढायच्या आणि बँकेत भरायच्या. बक्षिसाची रक्कम तीन लाख डॉलरच्या वर गेली आणि प्रकरण करन्यायालयात पोहोचले. २०२१ च्या निकालात न्यायालयाने भेद केला : भेटकार्ड ही विकत घेतलेली वस्तू, म्हणून तिच्यावरचे बक्षीस ही किमतीतील सूट, उत्पन्न नव्हे. मात्र कार्डाने थेट मनीऑर्डर घेतली किंवा प्रीपेड कार्डात रक्कम भरली, तर त्यावरचे बक्षीस करपात्र.

आपल्याकडे हे चक्र पुरे फिरत नाही, कारण भेटकार्डातून रोख बाहेर येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रीपेड कार्डाची मर्यादा १०,००० रुपये आहे. त्यात पुन्हा रक्कम भरता येत नाही, त्यातून रोकड काढता येत नाही. किमान एक वर्षाची मुदत मात्र बंधनकारक आहे. आणि ज्या दुकानाचे कार्ड त्याच दुकानात चालते, ते तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेतच येत नाही. तेथे मुदत आणि अटी त्या दुकानाच्या. असे कार्ड घेणारा वस्तुतः दुकानदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम देतो. दुकान बुडाले तर तो साधा धनको! शिवाय अनेक बँकांनी वॉलेट भरणे, भाडे, इंधन, भेटकार्डे यांवरील पॉइंट आता बंद केले आहेत किंवा त्यांवर मर्यादा घातली आहे.

पुतण्याने डिसेंबरात, वर्षअखेरीच्या एका योजनेत, १,८०,००० रुपयांची भेटकार्डे घेतली. तीन टक्क्यांच्या हिशेबाने ५,४०० रुपयांचा लाभ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या कंपनीने बऱ्याच जणांना कामावरून कमी केले, त्यांत तोही होता. बिलाची तारीख मात्र तीच राहिली.

त्या रात्री दुकानाच्या गादीवर आम्ही तिघे हिशेबाला बसलो. “किमान रक्कम भरली तरी चालते ना?” असे माझ्या धाकट्या भावाने विचारले. चालते, पण व्याज थांबत नाही. अनेक कार्डांवर असतो तसा महिना साडेतीन टक्के दर धरला, तर या रकमेवर ६,३०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,४३४ रुपये. साऱ्या पॉइंटांहून एका महिन्याचे व्याज अधिक. शिवाय हे व्याज देय तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते.

पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “काका, पैसे गेलेले नाहीत. ते कार्डांत आहेत.” बोलणे अक्षरशः खरे होते. पण तूर बाजारात यायचे ते दिवस. शेतकरी पोती घेऊन दारात उभा असताना त्याच्या हाती कपड्यांच्या दुकानाचे भेटकार्ड कसे द्यावे? ४०,००० रुपयांची कार्डे त्याने शेकडा दहा तोटा सोसून विकली. उरलेली रक्कम भावाने तूरखरेदीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरली, आणि त्या हंगामात आम्ही दरवर्षीपेक्षा पुष्कळ कमी तूर घेतली. दोन जुने शेतकरी नवापूरच्या व्यापाऱ्याकडे गेले, ते अद्याप परतलेले नाहीत.

एक गोष्ट सीएंनी नंतर लक्षात आणून दिली. एका आर्थिक वर्षात कार्डबिलांपोटी दहा लाख किंवा त्याहून अधिक भरणा झाला, किंवा रोखीने एक लाख भरले, तर बँक ते आयकर विभागाला कळविते. तो कर नव्हे. पण उत्पन्न आणि भरणा जुळत नसेल तर उत्तर द्यावे लागते. मित्रांसाठी आपल्या कार्डावर खरेदी करणाऱ्या तरुणांना हे आवर्जून सांगावे.

पुतण्याला मार्चमध्ये पुन्हा नोकरी लागली. वडिलांचे पैसे तो दरमहा फेडतो आणि प्रत्येक हप्ता भाऊ वहीत त्याच्या नावे जमा करतो. कार्ड त्याने बंद केलेले नाही. आता महिन्याला लागेल तेवढेच भेटकार्ड घेतो, आणि तेवढी रक्कम खात्यात शिल्लक असेल तरच. शेवटचे एक कार्ड आमच्या गल्ल्यात पडून आहे : २,००० रुपयांचे, कपड्यांचे. त्या दुकानाची सर्वांत जवळची शाखा सुरतेला. भाभी पुढच्या महिन्यात जाणार आहेत.