समुद्र लांब, नहर जवळ

परीक्षा संपल्या की मुलांच्या तोंडी समुद्र येतो. मुंबईच्या खालाची मुले जुहूचे, अलिबागचे, मुरुड-जंजिऱ्याचे फोटो पाठवतात आणि पिशोरच्या घरात हट्ट सुरू होतो. हट्ट वाजवी आहे, पण पाच-सहा माणसांचे भाडे, दोन रात्रींची खोली आणि बाहेरचे जेवण असा हिशेब मांडला की पेरणीच्या तोंडावर बियाण्याला काय उरणार, हा प्रश्न अब्बांपुढे उभा राहतो. सहल पुढच्या वर्षावर जाते. पुढच्या वर्षीही तेच होते.

यंदा कन्नडचा रस्ता धरून पाहा. कन्नड, वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद आणि मग छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद. सगळी ठिकाणे ओळीने एकाच वाटेवर येतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, हेही सोयीचे झाले आहे. 2019 ते 2021 या काळात रोजे एप्रिल-मेच्या उन्हात आले होते. आता सुट्टीचे दिवस मोकळे मिळतात. बकरी ईद तेवढी कॅलेंडरवर पाहून घ्यावी.

निघण्याआधी एक अट घालते. या सहलीला घरून डबा न्यायचा नाही. पहाटे तीनला उठून पन्नास चपात्या लाटायच्या, दिवसभर पिशव्या सांभाळायच्या आणि रात्री येऊन भांडी घासायची असतील, तर ती अम्मीची सहल नव्हे. वर्षातून एक दिवस तिनेही दुसऱ्याच्या हातचे जेवावे. पाण्याच्या बाटल्या, टरबूज आणि कैरीचे पन्हे एवढे सामान पुरे.

दौलताबादचा किल्ला सकाळी उघडताच गाठावा. दुपारी तो दगड चटके देतो. गुडघे दुखणाऱ्या नानी-दादींना चांद मिनारच्या आसपास सावलीत बसवून बाकीच्यांनी वर जावे. खंदक, अंधारी वाट, आणि ज्या चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह कैदेत होता तो महाल, एवढे मुलांना भरपूर होते. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी इथेच हलवली. इब्न बतूता इथे येऊन गेला आणि इथल्या द्राक्षांची व डाळिंबांची तारीफ लिहून गेला. तुघलकाच्या फर्मानाला लोक आजही हसतात, पण त्या काफिल्याबरोबर सूफी आले, विणकर आले आणि आपल्या जेवणाची एक चवही आली, असे सांगतात. ती पुढे येतेच.

खुलताबाद वर डोंगरावर आहे. पूर्वी औरंगाबादची माणसे उन्हाळ्यात हवेसाठी इथे येऊन राहत. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब इथेच दफन आहेत. औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर सगळ्यांना ठाऊक आहे, पण मुलांना मलिक अंबरच्या मकबऱ्यावर मुद्दाम न्यावे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळही आफ्रिकेतच. खालाच्या मुलांनी जंजिऱ्याचा फोटो पाठवला तर आपल्या मुलांनी हा पाठवावा.

मलिक अंबरची खरी निशाणी मात्र कबरीत नाही, जमिनीखाली आहे. नव्या शहराला पाणी हवे होते. त्याने डोंगरातले झरे अडवून भुयारी नहर शहरात आणली, तीच नहर-ए-अंबरी. पुढे इतरांनीही नहरी बांधल्या. त्यांतली एक पाणचक्कीला येते, आणि माझ्या मते या सगळ्या वाटेवर सर्वांत जास्त वेळ द्यावा ती जागा हीच. शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून काही किलोमीटर पाणी मातीच्या भाजलेल्या नळांतून येते, वर चढते आणि हौदात कोसळते. पंप नाही, वीज नाही. झरा उंचावर आहे आणि बंद नळातले पाणी आपली पातळी गाठू पाहते, एवढेच त्यामागचे शास्त्र. मुलांना ते घरी बादली आणि पारदर्शक नळी घेऊन करून दाखवता येते. 1744 च्या सुमारास तुर्कताज खान यांनी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात हे काम पुरे केले. पडणाऱ्या पाण्यावर जाते फिरे आणि त्या पिठाची रोटी फकिरांना, मुसाफिरांना मिळे. सर्वांत मोठी करामत मात्र हौदाच्या खाली आहे. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. डोक्यावर पाणी, म्हणून भर उन्हाळ्यात दालन गार. ते उतारूंच्या मुक्कामासाठी होते. बांधणाऱ्यांनी थंडावा पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता.

ज्या तालुक्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या मुलांनी हे पाहणे गरजेचे आहे. शहर वाढले, नहरींच्या वाटेवर घरे उभी राहिली, रस्ते खणताना नळ फुटले. काही उन्हाळ्यांत पाणचक्कीची धार बारीक झालेली दिसते. ती तशी का झाली, हे मुले विचारतीलच. तेव्हा घाई न करता वडाच्या सावलीत बसून सांगावे.

आता जेवण. बुढी लेनच्या बाजूला नान-कलिया विचारावा, आणि दुपार टळू देऊ नये. देगेत शिजलेले मटण, लालसर रस्सा, वर तर्री, आणि भट्टीतला मऊ नान. हा बेत तुघलकाच्या फौजेबरोबर आला अशी शहरात सर्वांची खात्री आहे. मोठ्या जमावाला एकाच देगेत जेवू घालायची ही तऱ्हा पाहिली की ते पटतेही. लहान मुलांसाठी रस्सा कमी घ्यावा, नान दही-साखरेशीही छान लागतो. आंबा बाजारात आला असेल तर मराठवाड्याचा केसर मागावा, 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोकणच्या हापूसपुढे आपण उगाच दबतो.

असरनंतर बीबी का मकबरा. आझम शाहने आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी तो बांधला, असे सांगतात. ताजमहालाची नक्कल म्हणून त्याला हिणवतात ते मला पटत नाही. बायकोसाठी बांधलेल्या इमारती सापडतात, मुलाने आईसाठी बांधलेली अशी किती? दारावर अताउल्लाह आणि हंसपत राय ही कारागिरांची नावे कोरली आहेत, ती शोधायला मुलांना सांगावे.

वेळ उरला तर हिमरू पाहावे. घ्यायलाच हवे असे नाही. सूत आणि रेशीम मिळून हे कापड होते. शाल उलटी करून पाहावी, हातमागाच्या हिमरूच्या मागे नक्षीचे सुटे धागे लोंबतात. हातमागावर बसणारे आता मोजकेच उरले आहेत. एखादा विणकर माग चालवताना दिसला तर दहा मिनिटे थांबावे.

दोन व्यावहारिक गोष्टी. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ असू द्यावे. आणि पितळखोरा घराजवळ आहे म्हणून त्याच दिवसात कोंबू नये. मे महिन्यात तिथला धबधबा कोरडा असतो. तो जुलै-ऑगस्टसाठी ठेवावा, पाऊस पडून दरी हिरवी झाल्यावर.