स्लॅब फोडायचा की ठेवायचा?

समजा एडवर्ड सातव्याच्या चांदीच्या रुपयांचा वर्षवार अल्बम लावायला घेतला आहे. १९०३ ते १९१०, आठ वर्षं, आठ घरं. सात भरली. आठवा रुपया मनासारखा मिळाला, पण तो आला स्लॅबमध्ये, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, वर ग्रेड (तज्ज्ञांनी ठरवलेली प्रत) आणि बारकोड छापलेल्या लेबलासकट. अल्बमच्या जेमतेम साडेतीस मिलिमीटरच्या घरात तो बसणार कसा? मग फोडायचा का? मुंबई उपनगरांत अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, दोन्ही लायनींवरच्या संग्राहकांत यावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणतो, स्लॅब फोडणं म्हणजे पाप. दुसरा म्हणतो, नाणं हातात घेता आलं नाही तर ते जमवायचं कशाला? दोघांच्याही बोलण्यात अर्धीमुर्धी माहिती मिसळलेली असते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा: ‘फोडून बघू, नाही जमलं तर पुन्हा ग्रेडिंगला पाठवू.’ हा सल्ला अमेरिकेतला आहे आणि तिथे तो बरोबर आहे. ग्रेडिंगच्या दोन मोठ्या कंपन्या तिथल्याच. पीसीजीएस कॅलिफोर्नियात, १९८६ पासून. एनजीसी १९८७ पासून, सध्या फ्लोरिडात. तिथला संग्राहक नाणं बाहेर काढतो, वर्षभर अल्बममध्ये ठेवतो, मन बदललं की फी भरून परत पाठवतो. वरची ग्रेड मिळेल या आशेने स्लॅब फोडणं हा तर तिथे चक्क धंदाच आहे.

आपल्याकडे मधे कायदा उभा आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू. ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला. खाजगी माणसाने पाठवली तर किमान सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. ‘विकायला नाही हो, नुसतं तपासायला पाठवतोय’ हे म्हणून सुटका नाही; पार्सल देशाबाहेर गेलं की ती निर्यात. व्याख्येत नाणं कुठल्या देशाचं हा प्रश्नच नाही, मोजलं जातं ते वय. म्हणजे १९१० चा एडवर्डचा रुपया एकदा स्लॅबमधून काढला, की अमेरिकेच्या स्लॅबमध्ये परत जाण्याची सरळ वाट बंद. तिकडे हा निर्णय फिरवता येतो, इकडे येत नाही. माझ्या मते सगळ्या चर्चेत सर्वांत आधी बोलायला हवं ते हे, आणि नेमकं हेच कुणी बोलत नाही.

गंमत अशी की ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचं उदाहरण घ्या. राजाच्या झग्यावरच्या हारातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीचं चित्र सुधारलं. हा ‘डुक्करछाप’ रुपया कधीच पुरावस्तू झाला आहे. उलट सहाव्या जॉर्जचा मुंबई टांकसाळीचा १९३९ चा रुपया त्याहून कितीतरी दुर्मीळ, पण वयाने लहान. २०३९ उजाडेपर्यंत तो या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. म्हणून १९३९ चा रुपया फोडावा का? अजिबात नको. पण त्याचं कारण वेगळं. तारखेत फेरफार केलेले १९३९ बाजारात फिरतात, आणि अशा नाण्याची अर्धी किंमत तज्ज्ञाने ते तपासलं आहे या खात्रीची असते. स्लॅब फुटला की कंपनीची हमी तिथेच संपते. फोटो, जुनं लेबल, पावती, काहीही दाखवा. समोरचा म्हणणार, ‘हेच नाणं होतं कशावरून?’

मग स्लॅबमध्ये असलेलं सगळंच अस्सल? तसंही नाही. नकली स्लॅब निघतात, आणि त्यांच्यावर छापलेला प्रमाणपत्र क्रमांक कित्येकदा खऱ्याच नाण्याचा उचललेला असतो. नंबर कंपनीच्या साइटवर सापडला एवढ्याने समाधान मानू नये. तिथे फोटो असेल तर समोरच्या नाण्यावरचे ओरखडे, डाग त्याच्याशी एकेक करून जुळवावेत.

दुसरा लाडका समज: स्लॅबमध्ये हवा जात नाही, तेव्हा नाणं आहे तसं राहतं. स्लॅब हवाबंद नसतो. हवा आत जाते, फक्त हळू. आणि उपनगरातली हवा चांदीला कशी आहे ते पावसाळ्यात कपाट उघडलं की कळतं. खाडीच्या चिखलातून, तुंबलेल्या नाल्यांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. चांदी काळी पडते ती त्याच्यामुळे. नाल्याकाठच्या सोसायट्यांत एसीची तांब्याची कॉइल लवकर गळायला लागते, त्यामागेही असलेच वायू असतात. स्लॅब हे सगळं लांबवतो, थांबवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा दोघांनाही लागतो, स्लॅबलाही आणि अल्बमलाही. डांबरगोळ्या मात्र तिथे नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ होतात.

याच्या बरोबर उलटा समज म्हणजे अल्बममध्ये नाणं खराब होतंच. ते अल्बम कसला आहे त्यावर ठरतं. स्टेशनाबाहेर मिळणाऱ्या स्वस्त अल्बमची मऊ, वासाची पानं बहुधा पीव्हीसीची असतात. काही वर्षांत त्यातून आम्ल आणि तेलकट द्रव सुटतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. तो वेळीच दिसला तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून निघतो. अॅसिटोन काचेच्या वाटीत घ्यायचा, प्लास्टिकच्या नाही, आणि खिडकी उघडी ठेवायची. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पानांना हा त्रास नाही. पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये कागदातल्या गंधकाने कडेकडेने रंग चढतो. काहींना तो आवडतो, मला नाही. आणखी एक बारीक गोष्ट. ज्या अल्बममध्ये घरांवरून प्लास्टिकची पट्टी सरकवावी लागते, तिथे ती पट्टी नाण्याचा सर्वांत उंच भाग घासत जाते. राजाच्या गालावर केसासारख्या समांतर रेघा दिसल्या तर हात कुणी लावला ते शोधत बसू नका, पट्टी बघा.

ग्रेडचा आकडा म्हणजे शास्त्रीय मोजमाप, असंही पुष्कळांना वाटतं. एक ते सत्तर आकड्यांचं माप १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या अमेरिकन सेंटसाठी काढलं. पुढे ते सगळ्या नाण्यांना लागलं. साठपासून पुढची नाणी न वापरलेली. आकडा अनुभवी डोळ्यांनी दिलेलं मत असतं, आणि तेच नाणं पुन्हा पाठवलं तर एखादा आकडा इकडेतिकडे होतो. पण लेबलावर आकड्याऐवजी नुसतं ‘डिटेल्स’ असेल, तर नाणं बहुधा घासलेलं, कडी लावून काढलेलं किंवा असंच काही झालेलं. आपल्या घरांतले राणीछाप रुपये बहुतेक याच वाटेने गेलेत. दर लक्ष्मीपूजनाला चिंच-मीठ, नाहीतर भांड्यांची पावडर, आणि पाटावर चकचकीत रुपया. असा ‘डिटेल्स’वाला रुपया स्लॅबमधून काढला तर फारसं काही बुडत नाही. तेच १९४० ते १९४५ च्या साध्या जॉर्ज रुपयांचं. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आलेली. साधारण प्रतीचा असेल तर ग्रेडिंगची फी आणि येण्याजाण्याचा खर्चच नाण्यापेक्षा जास्त. हे खुशाल अल्बममध्ये लावावेत.

शिवराईच्या बाबतीत तर मी स्लॅबच्या विरोधातच आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’; हाताने ठोकलेली तांब्याची नाणी, एकीसारखी दुसरी नाही. ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून कुठे ‘श्री’ कापलेला, कुठे ‘ति’. यांचा अभ्यास वजन, जाडी, कड आणि अक्षरांचं वळण यांवर चालतो, आणि डबीतलं नाणं काट्यावर ठेवून काय कळणार?

फोडायचंच ठरलं तर आधी लेबलासकट दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग टेबलावर जाड टॉवेल, डोळ्याला चष्मा. हातोडी नको, कटिंग पक्कडीने आधी लेबलाकडचा कोपरा तोडा, मग कडेने थोडं थोडं. शिवण सुटली की दोन भाग हळूच वेगळे करा. पिळायला गेलात तर डबी एकदम उघडते आणि नाणं उडून लादीवर, आणि लादीवर पडलेल्या नाण्याची ग्रेड मग कुणीही सांगेल. नाणं फक्त कडेने धरायचं. लेबल टाकून देऊ नका: कंपनीला परत पाठवलं तर तेवढं नाणं त्यांच्या मोजणीतून वगळलं जातं, नाहीतर अल्बममध्ये त्याच घरामागे सरकवून ठेवा. नाणं एक दिवस तुमची मुलं विकायला काढतील, तेव्हा निदान त्यांना विचारायला काहीतरी हातात असेल.