निकाल एक मेचा

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्ष संपतं ते एक मे रोजी. मोठ्यांसाठी तो महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन, पोरांसाठी निकालाचा दिवस. सकाळी ऊन चढायच्या आत झेंडावंदन होतं, राज्यगीत किंवा समूहगीत होतं, सरपंच चार शब्द बोलतात आणि मग वर्गावर्गात नाव पुकारून प्रगतिपुस्तक हातात दिलं जातं. शिक्षणहक्क कायदा (आरटीई) 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तेव्हापासून बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायची सोयच नव्हती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी नाव पुकारल्यावर छातीत धडधड व्हायचीच. पोरगं श्रेण्यांचे रकाने सोडून आधी तळाचा शेरा बघतं, पुढच्या इयत्तेचा आकडा दिसला की फाटकाकडे धूम ठोकतं.

या अर्ध्या तासामागे गुरुजींचा अख्खा एप्रिल जातो. दुसऱ्या सत्राचं संकलित मूल्यमापन, वर्षभराच्या आकारिक नोंदी, त्यांची बेरीज, बेरजेची श्रेणी, प्रत्येक मुलाबद्दल चार-दोन वाक्यांची वर्णनात्मक नोंद, निकालपत्रकाच्या प्रती, त्यावर सह्या. वर्णनात्मक नोंदींची एक ठरलेली भाषा आहे. मूल ‘स्वतःचे अनुभव सांगते’, ‘गटकार्यात सहभागी होते’, ‘परिसरातील बदल सांगते’. साठ मुलांच्या वर्गात ही वाक्यं फिरून फिरून येतात आणि ते कुणी मनावर घेत नाही.

सगळ्यात शेवटी कपाटातून निघतं ते जनरल रजिस्टर. शाळेतली सर्वांत जुनी आणि सर्वांत जपलेली वस्तू तीच. एका मुलाला एक ओळ: नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक; आणि उजव्या अंगाला शाळा सोडल्याचा दिनांक, कारण, प्रगती, वर्तणूक. चौथीपर्यंतच्या शाळेतली मुलं पाचवीसाठी मोठ्या गावच्या हायस्कुलात जातात. त्यांची ओळ उजवीकडून भरली जाते आणि दाखला फाडला जातो. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ लिहायचं, मग त्या पोरानं वर्षभर काय वाट्टेल ते उद्योग केलेले असोत.

मार्च 2020 मध्ये हा सगळा गाडा जागच्या जागी थांबला. 9 मार्चला पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. आठवड्याभरात शहरांतल्या आणि पाठोपाठ खेड्यांतल्या शाळा बंद झाल्या. सुरुवातीला मुदत होती 31 मार्चपर्यंतची. त्यामुळे दप्तरं वर्गाच्या कोपऱ्यात, चित्रं भिंतीवर आणि फळ्यावर त्या दिवशीची तारीख तशीच ठेवून मुलं घरी गेली. 20 मार्चला तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचं सांगितलं. 25 मार्चचा पाडवा पहिल्याच टाळेबंदीत उगवला.

दहावीची परीक्षा मात्र सुरू होती. शनिवारी 21 मार्चला इतिहासाचा पेपर झाला, सोमवारचा भूगोल तेवढा राहिला. तो आधी पुढे ढकलला आणि 12 एप्रिलला रद्दच केला. बाकीच्या पेपरांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. नकाशात ब्राझील कुठे हे ज्याला अखेरपर्यंत सापडलं नाही, त्यालाही गणित-इंग्रजीच्या जोरावर भूगोल मिळाला. आणि जो नकाशांवर जीव टाकून बसला होता त्याचे हक्काचे गुण गणिताने खाल्ले. नववी आणि अकरावीची दुसरी सत्र परीक्षाही त्याच दिवशी रद्द झाली. ही नववी लक्षात ठेवायची आहे, ती पुढे भलत्याच ठिकाणी उगवणार आहे.

त्या वर्षीचा 1 मे म्हणजे महाराष्ट्र राज्याला साठ वर्षं पूर्ण झाल्याचा दिवस. एरवी केवढा गाजावाजा झाला असता. झेंडावंदन मोजक्या अधिकाऱ्यांपुरतं झालं आणि शाळांची मैदानं रिकामी राहिली. निकाल व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला. जिथे रेंज नव्हती तिथे गुरुजींनी फोन केला किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे निरोप धाडला.

मैदानं रिकामी होती, पण वर्गखोल्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून माणसं गावी परतू लागली, तेव्हा त्यांना विलगीकरणात ठेवायला गावात हक्काच्या खोल्या होत्या त्या शाळेच्याच. कोकणात, साताऱ्याकडे, सोलापूरकडे चाकरमाने आपापल्या जुन्या शाळेत जमिनीवर सतरंजी टाकून चौदा-चौदा दिवस झोपले. त्यातले कित्येक त्याच वर्गात बाराखडी शिकले असणार. आणि शिक्षक कुठे होते? चेकपोस्टवर नोंदी करत, रेशन दुकानाबाहेर रांगा लावत, घरोघर ताप मोजत. पुढे सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हाही पहिली हाक त्यांनाच गेली. ‘शाळा बंद, मास्तरांना फुकटचा पगार’ असं पारावर बसून म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांनी ते बोलण्याआधी त्या दोन वर्षांतल्या नेमणुकांचे आदेश एकदा वाचावेत.

शाळेचं एक काम त्या काळातही थांबलं नाही, ते म्हणजे पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ हे शासनाचं प्रमाण. खिचडी शिजवणं बंद झालं म्हणून तोच तांदूळ आणि डाळी-कडधान्यं कोरडी वाटली गेली. पालकांना पाळी-पाळीने बोलवायचं, चुन्याच्या चौकोनात उभं करायचं, पिशवीत मापून द्यायचं, नोंदवहीत सही घ्यायची. बंद शाळेच्या फाटकातून आत येण्याचं पालकांना उरलेलं हे एकमेव कारण होतं. त्यामुळे मूल काय करतंय, मोबाइल कुणाकडे असतो, मोठी बहीण रानात जाते का, हे गुरुजींना कळायचं ते तांदळाच्या मापापाशी.

एक मेचा निकाल हुकला, तसा आणखी एक सोहळा हुकला, त्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या माणसांची जन्मतारीख बघा, 1 जून फार सापडेल. आई-बापाला तारीख सांगता यायची नाही, शाळेत नाव घालायच्या वेळी गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख 1 जून टाकायचे. त्या पोरांतले काही पुढे स्वतः गुरुजी झाले. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून मराठी शाळांत 31 मे हा सेवापूर्तीचा मोठा दिवस. शाल, श्रीफळ, जुन्या विद्यार्थ्यांची भाषणं, बैलगाडीतून मिरवणूक, गावजेवण. 2020 आणि 2021 अशी लागोपाठ दोन वर्षं 31 मे आला तो निर्बंधांत. तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली माणसं मास्क लावून चार्ज यादीवर सही करून, कपाटाच्या किल्ल्या सोपवून घरी गेली. दहावीच्या पोरांचा निरोप समारंभ परीक्षेआधी होतो, त्यामुळे 2020 च्या बॅचचा तो आटोपलेला होता. चौथी-सातवीच्या पोरांचा आणि या गुरुजींचा मात्र राहिला तो राहिलाच.

दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा विचित्र. 2019-20 निदान शेवटाशी येऊन तुटलं होतं. 2020-21 सुरूच होत नव्हतं. ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली. दीक्षा अ‍ॅप आलं, रोज सकाळी अभ्यासमालेच्या लिंका येऊ लागल्या. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली; मोबाइल नसलेल्या घरांत तिचा खरोखर उपयोग झाला. अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी झाला. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, तिथल्या शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले आणि मुलं गल्लीत अंतर ठेवून भिंती वाचू लागली. त्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं, तेही शाळा बंद असताना.

वरचे वर्ग हळूहळू उघडले. 23 नोव्हेंबरपासून नववी ते बारावी, 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवी, तेही सगळीकडे नाही. पहिली ते चौथी उघडलीच नाही. फेब्रुवारीत दुसरी लाट उसळली. 3 एप्रिलला पहिली ते आठवीला परीक्षेविना पुढच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला. ज्यांचं मूल्यमापन करताच आलं नव्हतं, त्यांच्या प्रगतिपत्रकावर श्रेणी न देता शेरा मारायचा होता: ‘आरटीई अ‍ॅक्ट 2009 कलम 16 नुसार वर्गोन्नत’. ‘गटकार्यात सहभागी होते’ हे लिहायला गट तर हवा! ज्या गुरुजींनी वर्षानुवर्षं ठोकळेबाज वाक्यं उतरवली होती, त्यांना ती वाक्यंसुद्धा लिहिता येईनात. काही खासगी शाळांनी फी थकली म्हणून निकाल अडवले, तो वाद वेगळाच.

आणि आता ती नववी. 20 एप्रिल 2021 रोजी दहावीची परीक्षा रद्द झाली. पुण्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं. अखेर 28 मे रोजी सूत्र जाहीर झालं: शंभर गुणांपैकी 50 नववीच्या निकालावरून, 30 दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे, 20 तोंडी, प्रात्यक्षिक वगैरे. कागदावर सूत्र सुबक होतं. पण या मुलांची नववी म्हणजे 2019-20, जिची दुसरी सत्र परीक्षा झालीच नव्हती. म्हणजे दहावीचे निम्मे गुण अखेर जाऊन टेकले ते मुख्यतः दिवाळीच्या आगेमागे दिलेल्या सहामाहीवर. ती देताना कुठल्याही चौदा वर्षांच्या मुलाला आपण बोर्डाचा पेपर सोडवतोय हे माहीत नव्हतं. त्या आठवड्यात कांजिण्या झालेल्या पोराचं काय?

16 जुलैला निकाल लागला, 99.95 टक्के. 2019 मध्ये हाच आकडा 77.10 होता, 2020 मध्ये 95.30. सुमारे पावणेसोळा लाख मुलं निकाल बघायला बसली आणि मंडळाचं संकेतस्थळ कोलमडलं, ते कित्येक तास उठेना. अकरावीच्या प्रवेशासाठी 21 ऑगस्टला सामाईक परीक्षा ठरली, तीही 10 ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवणारी माणसं मला भेटली आहेत. परीक्षा नको असं सगळ्यांनाच वाटत होतं असं समजण्याचं कारण नाही. घासून अभ्यास केलेल्या पोरांना 99.95 मध्ये आपण कुठे आहोत हे कायमचं कळलं नाही.

तरी माझ्या मते या दोन वर्षांत सर्वांत कमी नुकसान कुणाचं झालं असेल तर ते दहावीचंच. त्यांच्यासाठी मंत्री बोलले, न्यायालय बसलं, चॅनेलांनी दिवसभर पट्ट्या चालवल्या. जून 2020 मध्ये जी मुलं पहिलीत दाखल झाली त्यांच्यासाठी कुणी कोर्टात गेलं नाही. जनरल रजिस्टरात त्यांची ओळ चढली, पण त्यांनी पहिलीचा वर्ग आतून पाहिला नाही. पहिलीतून दुसरीत ती शेऱ्यावर गेली. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते 1 डिसेंबर 2021 रोजी, म्हणजे दुसरीचं अर्धं वर्ष सरल्यावर. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद, 24 जानेवारीपासून पुन्हा सुरू. मार्च 2022 मध्ये आदेश निघाला की उन्हाळा असला तरी एप्रिलअखेर शाळा पूर्णवेळ भरवा. शिक्षक संघटनांनी उन्हाचं कारण पुढे केलं, सकाळच्या शाळेची परंपरा सांगितली. मला तो आदेश पटला होता. दोन वर्षं बंद राहिलेल्या पत्र्याच्या वर्गात दुपारी बसणं सोपं नाही, हेही खरं.

हीच मुलं तिसरीत असताना, 2022 च्या उत्तरार्धात, ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारी ‘असर’ पाहणी झाली. देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं 2018 मध्ये सुमारे 27 होती, ती 2022 मध्ये 20 च्या आसपास आली. मुळात 27 तरी काय अभिमानाने सांगण्यासारखे होते! पण ही घट म्हणजे कलम 16 च्या शेऱ्याखाली जे लिहायचं राहिलं होतं ते.

दरम्यान नियम बदलले. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. ही तुकडी 2024-25 मध्ये पाचवीत होती. पहिलीच्या निकालाला जिच्या कागदावर श्रेणी नव्हती, तिला आयुष्यातली पहिली पास-नापासाची परीक्षा अशी भेटली. 2027-28 मध्ये आठवीला दुसरी भेटेल. शाळांमध्ये आज या मुलांची वेगळी नोंद कुठेच ठेवलेली नाही. पटावर ती इतरांसारखीच आहेत. त्यांच्या वर्गशिक्षकांना एवढीच विनंती आहे, की आठवीच्या परीक्षेआधी एकदा जनरल रजिस्टरातली प्रवेशाची तारीख बघावी. जून 2020 दिसला तर त्या मुलाला जवळ बसवून पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला लावावं आणि अडखळतं आहे तिथून शिकवायला घ्यावं. ही मुलं दहावीला बसतील 2030 मध्ये. वेळ अजून आहे.