वरातीपुढचे आम्ही
(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत एखाद्याची फजिती झाली की 'त्याचा बँड वाजला' असे म्हणतात. ज्या कोणी हा वाक्प्रचार प्रथम वापरला तो स्वतः बँडमध्ये वाजवत असला पाहिजे, अशी माझी खात्री आहे. कारण लग्नात नवरदेवाचा बँड एकदाच वाजतो, आमचा मात्र प्रत्येक मुहूर्ताला वाजतो.

वर्गातल्या पुष्कळ मित्रांना मी ट्रंपेट वाजवतो हे माहीत आहे. पण बँड म्हणजे लाल कोट घालून रस्त्यात उभे राहायचे आणि फुंकायचे, एवढीच त्यांची कल्पना असते. म्हणून हा कारभार आतून कसा चालतो ते थोडे सविस्तर सांगतो.

आमचा बँड माणदेशातल्या एका खेड्यातला. माणसे नऊ. दोन ट्रंपेट, एक क्लॅरोनेट, एक युफोनियम, साईड ड्रम, मोठा ढोल, झांज, खुळखुळा आणि कीबोर्ड. गाणारा बाहेरून बोलवावा लागतो. छोटा हत्ती टेम्पोवर कर्णे, जनरेटर आणि कीबोर्ड चढवला की बँड तयार. यातला एकही माणूस बँडवर जगत नाही. आमचे मास्तर गवंडीकाम करतात, युफोनियमवाला पिठाच्या गिरणीत आहे, ढोलवाला डाळिंबाच्या बागेत औषध मारतो, आणि मी बी.ए. करतो. हौसेला चार पैशांची जोड, असे हे प्रकरण आहे. पण हौशी माणसाला सुट्टी मिळत नाही ही पहिली अडचण. तालमीला नऊ जण एकाच संध्याकाळी जमले असे वर्षातून चार-पाच वेळाच घडत असेल. एरवी ढोल आहे तर झांज नाही, आणि दोन्ही आहेत तर वीज नाही.

लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून सुरू होते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की संपते. मधल्या काळातही गुरू किंवा शुक्र अस्तंगत झाला की मुहूर्त बंद. सगळी गर्दी वैशाखात होते, आणि नेमक्या त्याच दिवसांच्या आसपास विद्यापीठाची परीक्षा असते. पंचांगकर्ते आणि परीक्षा विभाग यांची कधी गाठ पडत असेल असे वाटत नाही. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या पेपरच्या आदल्या रात्री मी एका वरातीत होतो. मागणी-पुरवठ्याचा नियम मात्र तिथे डोळ्यांनी पाहायला मिळाला. एकाच तिथीला तालुक्यात शेकड्याने लग्ने आणि बँड मोजके, म्हणून सुपारी दीडपट. पुढच्या आठवड्यात मुहूर्त नाही, तर कोणी विचारत नाही.

आता वाद्याविषयी. ट्रंपेट म्हणजे फुंकले की वाजले, असे नाही. ओठ घट्ट मिटून माउथपीसवर टेकवायचे आणि त्यांना थरथरवायचे. ती थरथर नळीतल्या हवेला बोलते करते. एकही कळ न दाबता त्यातून फक्त मोजकेच स्वर निघतात : सा, पा, वरचा सा, त्यावरचा ग, मग पुन्हा पा. मधले स्वर मिळवायला तीन कळा असतात. दुसरी कळ दाबली की स्वर अर्ध्याने उतरतो, पहिलीने एकाने, तिसरीने दीडने. कळ दाबली की हवेला थोडा अधिक लांबचा रस्ता पडतो एवढेच. तीन बोटे आणि दोन ओठ यांच्या जोरावर सगळे सप्तक काढायचे. आपल्या गाण्यातली मींड तर कळांना ठाऊकच नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे असेल तर ओठ सैल-घट्ट करत ते साधावे लागते, आणि ते जमायला मला दीड वर्ष लागले.

त्यातून आमच्या ट्रंपेटचा मोकळा सा हा पेटीवरची काळी पाच. गाणारा काळी दोनमध्ये गायला तर आम्ही खूष, बोटे आपोआप पडतात. पण त्याचा गळा बसलेला असला आणि त्याने पांढरी तीन सांगितली की आमची त्रेधा उडते. जवळजवळ प्रत्येक स्वराला कळांची अवघड जोडी येते. कीबोर्डवाला एक बटण दाबून मोकळा होतो आणि आमच्याकडे बघून हसतो. त्या बटणाचा मला जितका हेवा वाटतो तितका कोणाच्या मोटारसायकलचाही वाटत नाही.

उन्हाचा प्रश्न वेगळाच. तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो. २० अंश तापमानाला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशाला सुमारे ३५५. त्यामुळे पितळी वाद्याचा स्वर चढतो. मे महिन्यात दुपारी दोनला परण्या निघतो, नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, आणि आमची वाद्ये एकेक करून कीबोर्डच्या वर सरकू लागतात. कीबोर्ड विजेवरचा, त्याला उन्हाचे काही नाही. मग सरकता नळा बाहेर ओढायचा आणि स्वर खाली आणायचा. सावलीत आलो की पुन्हा आत ढकलायचा. हलगीचे उलटे. तिचे कातडे दमट हवेत सैल पडते, म्हणून हलगीवाले गवताचा जाळ करून ती शेकून घेतात. आमच्या नळ्याला मात्र असा घरगुती उपाय नाही. लोकांना वाटते की बँड बेसूर आहे. बँड असतोही कधीकधी, पण सगळा दोष आमचा नसतो.

ओठांचेही आयुष्य ठरलेले असते. दोन तास सलग वाजवले की ते सुजल्यासारखे होतात आणि वरचे स्वर निघेनासे होतात. चालत वाजवताना रस्त्यात खड्डा आला तर माउथपीस थेट दातांवर आपटतो. अशा वेळी नवऱ्याचा मामा पुढे येऊन म्हणतो, "काय रे, आवाज का बसला? जेवला नाहीस का?"

खरेच जेवलेला नसतो. भरल्या पोटी फुंकता येत नाही म्हणून आम्ही आधी जेवत नाही. अक्षता पडल्या की पंगती बसतात, आणि बँडवाल्यांची पंगत सर्वांत शेवटी असते. तोवर भात गार झालेला असतो आणि जिलबी संपलेली असते. गार भाताचे एवढे काही नाही. पण शेवटची पंगत ही सोयीची गोष्ट नसून रीत आहे, हे कळते तेव्हा घास घशात अडकतो. गावगाड्यात वाजवणे हे जातीने नेमून दिलेले काम होते. गुरवाने देवळात वाजवायचे, मातंगाने हलगी वाजवायची, आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घ्यायचे. त्रिं. ना. आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे, त्यात या व्यवस्थेचे चित्र पाहायला मिळते. माझे आजोबा हलगी वाजवत. आमच्या बँडमध्ये आज चार जातींची आणि दोन धर्मांची मुले आहेत, सुपारी रोख ठरते, पावतीही फाडतो. तरी मांडवात कोणीतरी वडीलधारे हटकून विचारतातच, "कुणाचा रे तू?" मी आडनाव सांगतो. मग एक तर ते मान हलवून पुढे जातात, नाही तर म्हणतात, "म्हणजे वाजवणं रक्तातच आहे." हा कौतुकाचा शब्द आहे की नाही, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. तीन बोटांच्या सरावासाठी गिरणीमागे काढलेल्या संध्याकाळी रक्तात मोजायच्या का, हाही प्रश्न आहेच.

वास्तविक याच वाद्यांनी मोठमोठी कामे केली आहेत. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या साथीनंतर अनाथ मुलांना शिकवून मैहरचा बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून नलतरंग बनवला. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'साठी जे संगीत दिले, त्याच्या वाद्यवृंदात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड ऐकायला लोक रस्त्याच्या कडेला थांबतात. आमच्या मास्तरांनी जुनी गाणी सरगम लिहून एका वहीत उतरवली आहेत. ती वही त्यांच्या घरात देव्हाऱ्याशेजारी असते.

पण वरातीत ती वही कोण उघडू देतो? फर्माईश ठरलेली. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हापासून 'झिंगाट' वाजवल्याशिवाय नवरदेव पारावरून हलत नाही. एका रात्री ते आम्ही अकरा वेळा वाजवले. सातव्या वेळी युफोनियमवाल्याने डोळे मिटून घेतले होते. मला वाटले तल्लीन झाला, पण तो झोपला होता आणि तरी सुरात होता.

आता हिशेब. सुपारी चौदा हजारांची ठरते, त्यातले दोन हजार इसार म्हणून आधी मिळतात. टेम्पोचे अडीच हजार, जनरेटरच्या डिझेलचे सातशे, गाणाऱ्याचे दीड हजार. उरले नऊ हजार तीनशे. नऊ वाजवणारे आणि दहावा वाटा वाद्यांच्या दुरुस्तीचा, म्हणजे प्रत्येकी नऊशे तीस. हे झाले कागदावर. रात्री वरात संपल्यावर मुलीकडचे म्हणतात मुलाकडच्यांकडून घ्या, मुलाकडचे म्हणतात खर्च वाढलाय, बसवून घ्या. दोन हजार कापले गेले की हातात सातशे तीस येतात, तेही कधी पंधरा दिवसांनी. लेखी करार करावा असे मी मास्तरांना सुचवले. ते म्हणाले, "बाळा, लग्नघरात करार काढला तर लोक म्हणतील याला शुभकार्यात कोर्ट आठवलं." मग मी एक साधी चिठ्ठी तयार केली : वेळ, ठिकाण, रक्कम, इसार, जेवण कधी. शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला आहे. निम्मे लोक सही करतात.

वेळेचेही एक त्रांगडे आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम २००० साली झाले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे वाजवता येत नाहीत, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यांनाही तोच नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ही रात्रीची बंदी उचलून धरली. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारा वाजेपर्यंतची सवलत देऊ शकते, पण लग्नाची वरात काही त्यात बसत नाही. नियम योग्यच आहे. शेजारी आजारी माणूस असला की त्याचे मोल कळते. अडचण अशी की नऊची वरात साडेदहाला निघते. उशीर वऱ्हाडाचा आणि पोलिसांनी गाडी थांबवली की उभे राहायचे मास्तरांनी. वाजवले तर गुन्हा, थांबले तर सुपारीतून कपात. नियमाप्रमाणे वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. खरे सांगायचे तर आमचा एकटा ढोलही त्यात मावणार नाही. पण डीजेच्या भिंतीपुढे आम्ही म्हणजे देवघरातली घंटा. त्या भिंतींनीच आमच्या निम्म्या सुपाऱ्या नेल्या. डीजेला ओठ नाहीत, तो जेवायला मागत नाही आणि त्याला 'कुणाचा रे तू' असे कोणी विचारत नाही.

त्याआधीचा मोठा फटका टाळेबंदीचा. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि ती अख्खी लग्नसराई गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. पंचवीस माणसांत नऊ बँडवाले कोण घेणार? त्या दोन वर्षांत शेजारच्या गावातल्या एका बँडने वाद्ये मोडीत घातली. पितळ किलोवर जाते. त्यातली एक ट्रंपेट मास्तरांनी उचलून आणली, तीच मी वाजवतो.

तिच्या पहिल्या कळेची स्प्रिंग मोडते, आणि तिचा सुटा भाग इकडे मिळत नाही. ही वाद्ये मुख्यतः मेरठच्या जाली कोठी भागात बनतात. आमच्या जवळचे मिरज सतार-तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण तिथल्या कारागिरांची बोटे भोपळ्यावर आणि तारेवर चालतात, पितळेवर नाही. पोचे आले की आम्ही तालुक्याच्या तांबटाकडे जातो. तो हंडा ठोकावा तशी ट्रंपेट ठोकून देतो. आवाज थोडा हंड्यासारखा येतो, पण येतो.

आणि सगळ्यांत जाच होतो तो माणसे जाण्याचा. शिकवून तयार केलेला पोरगा एका हंगामात पुण्याच्या कंपनीत लागतो, दुसऱ्या हंगामात दुसरा भरतीला जातो. कोणाला अडवणार? आमचा साईड ड्रमवाला यंदा पोलीस भरतीत उतरला. गावाने त्याची मिरवणूक काढली. ती आम्हीच वाजवली, पैसे न घेता, आणि साईड ड्रम त्यानेच वाजवला. त्याच्या जागी आता त्याचा धाकटा भाऊ येतो. नववीत आहे. काठ्या त्याला अजून लांब होतात, म्हणून मास्तरांनी त्या चार बोटे कापून दिल्या आहेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या तीन सुपाऱ्या आल्या आहेत, आणि तोवर त्याचा ठेका बसायला हवा.