‘अनुभव : नाही’ असे लिहू नका

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानांत पोरांची गर्दी होते. ‘बायोडाटा करून द्या’ म्हटले की दुकानदार संगणकात आधीच तयार असलेला कागद काढतो, वरचे नाव तेवढे बदलतो आणि छापून हातात देतो. छंद : वाचन, क्रिकेट. स्वभाव : कष्टाळू, प्रामाणिक. त्या दिवशी त्या दुकानातून बाहेर पडलेले सगळेच कष्टाळू आणि प्रामाणिक! मग निवडणाऱ्याने बोलवावे तरी कोणाला?

आमच्या शेजारच्या वाडीतील एका मुलीचा असाच कागद मी पाहिला. एका खाजगी डेअरीत हिशेबनीसाची जागा निघाली होती. शिक्षण, टक्के सगळे नीट होते. ‘अनुभव’ या शब्दापुढे मात्र तिने ‘नाही’ असे लिहिले होते. सहज चौकशी केली तेव्हा कळले, की ही मुलगी दोन वर्षे चुलत्याच्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ बसते. साठ-एक शेतकऱ्यांचे दूध मापून घेते, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ काढते, दर दहा दिवसांची बिले करते.

“ते काय काका, घरचंच आहे. पगार कुठं मिळतो मला?” ती म्हणाली.

पगार मिळाला नाही म्हणून काम झाले नाही, असे कसे? आम्ही तो ‘नाही’ खोडला आणि तिने वर सांगितले तेच चार ओळींत लिहिले. किती वर्षे, किती माणसांचे दूध, कोणते काम. विशेषणे एकही नाही. तिला मुलाखतीला बोलावणे आले. तिथे छंदाबद्दल कोणी विचारले नाही. दुधात पाणी घातले तर एसएनएफचे काय होते, बिलावरून शेतकरी भांडायला आला तर काय करतेस, हेच विचारले. दोन्हींची उत्तरे तिला रोजची पाठ. निकाल अजून लागायचा आहे.

तुमच्या घरातही असे काम होत असेल. मुलाने शेताला ठिबक जोडले असेल, मुलगी बचत गटाचे वहीखाते लिहीत असेल. ते लिहा. पण वाढवून लिहू नका. ट्रॅक्टर चालवता येतो आणि परवाना नाही, तर चालकाच्या जागेसाठी त्याचा उपयोग नाही. दोन प्रश्नांत खोटे उघडे पडते आणि मग खरे लिहिलेल्यावरही विश्वास राहत नाही.

आणखी एक. लग्नाचा बायोडाटा वेगळा, नोकरीचा वेगळा. वर ‘श्री गणेश प्रसन्न’ आणि खाली रास, नक्षत्र, मामाचे गाव, असा नोकरीचा कागदही मी पाहिला आहे! खाजगी नोकरीला यातले काही लागत नाही. सरकारी जागेचा नमुना मात्र ठरलेला असतो. जाहिरातीत मागितलेले असेल तेच भरायचे, जातीचा दाखला मागितला असेल तर तोही जोडायचा.

नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कागदाप्रमाणेच लिहा. गुणपत्रिकेवर ज्ञानेश्वर आणि आधारवर ज्ञानदेव असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, निवड झाल्यावर धावपळ नको. फोन नंबर मुलाचा स्वतःचा द्या. वडिलांचा फोन दिवसभर मळ्यात, तिथे रेंज नाही, आणि बोलावणे आलेले संध्याकाळी कळते. ईमेल दुकानदाराने उघडून दिला असेल तर त्याचा पासवर्ड घरच्या वहीत उतरवून घ्या. कित्येकांची पत्रे त्या दुकानाच्या संगणकातच पडून राहतात.

कागद एक पानाचा पुरे. त्याची एक प्रत घरी ठेवा. मुलाखतीला निघण्यापूर्वी आपण काय लिहिले होते ते पुन्हा वाचून जाता येते.