मैत्री आहे, तरी अडते कुठे?
लेखमाला : संरक्षण उद्योगाची ओळख – भाग ७

मागच्या भागात आपण तयार शस्त्र विकत घेणे आणि दुसऱ्या देशासोबत मिळून ते बनवणे यांतला फरक पाहिला. या वेळचा प्रश्न त्यापुढचा आहे. दोन देशांची मैत्री पक्की असली, तरी मिळून बनवताना काम का अडते?

उत्तर शोधायला दूर जायची गरज नाही. दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीला लागूनच ओझरचा विमानतळ आहे आणि तिथेच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा विमान कारखाना. १९६४ साली सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ बनवण्यासाठी तो उभा राहिला. आजही अनेकांच्या तोंडी ‘ओझर मिग’ हेच नाव असते. साठ वर्षांत या कारखान्याने सहकार्यातले जवळजवळ सगळे अडथळे अनुभवले आहेत.

पहिला अडथळा ज्ञानाचा. परवान्यासोबत नकाशे येतात, सुटे भाग येतात, बनवण्याची रीतही शिकवली जाते. एखादा भाग असाच का घडवला, हे मात्र मूळ कंपनी सहसा स्वतःकडेच ठेवते. त्यामुळे बदल करायचा म्हटला की पुन्हा तिच्याच दारात उभे राहावे लागते. सुखोई-३० एमकेआयच्या वेळी भारताने वेगळी वाट धरली. विमान रशियन, पण त्यात फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणे बसवण्याचा आग्रह आपण सुरुवातीपासून धरला. २००० साली १४० विमाने भारतात बनवण्याचा करार झाला आणि ते काम ओझरला आले. काय हवे ते ठरवण्याचा अधिकार आधीच मागून घेतला, की पुढची अडवणूक कमी होते.

दुसरा अडथळा नियमांचा. ब्राह्मोस हे भारत-रशियाचे संयुक्त क्षेपणास्त्र, पण त्याचा पल्ला बरीच वर्षे २९० किलोमीटरवरच थांबला होता. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाने ३०० किलोमीटरची रेषा आखलेली. रशिया त्या गटात होता, भारत नव्हता; त्यामुळे भारतासोबत ती रेषा ओलांडणे रशियाला शक्य नव्हते. जून २०१६ मध्ये भारत सदस्य झाला आणि पल्ला वाढवण्याचा मार्ग खुला झाला. हेच क्षेपणास्त्र वाहून नेता यावे म्हणून सुखोईत लागणारे फेरफार ओझरला झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये विमानातून पहिली चाचणी यशस्वी झाली. पल्ला वाढवण्याचा मार्ग खुला झाला तेव्हाही अभियंते तेच होते. बदलले होते ते भारताचे नियमांच्या चौकटीतले स्थान.

तिसरा अडथळा पुरवठ्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या याच कारखान्यात तेजस मार्क-१ए विमानांच्या नव्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. या विमानाचे इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचे आहे. ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली, पहिले इंजिन हाती पडले मार्च २०२५ मध्ये, कारण जीईला बंद पडलेली उत्पादन साखळी नव्याने उभी करावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत आणि अमेरिकेने परस्परांच्या संरक्षण मागण्यांना प्राधान्य देण्याची व्यवस्था मान्य केली. मात्र ती कायद्याने बंधनकारक नाही. भारत कोणत्याही लष्करी गटात सामील नाही, म्हणून अशी प्रत्येक सोय आपल्याला एकेका देशाशी बोलून मिळवावी लागते.

चौथा अडथळा सर्वांत कमी चर्चेतला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : विश्वासाच्या कागदांचा. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यात अचूक भाग बनतो, पण परदेशी कंपनीला त्यासोबत धातू कुठून आला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, तपासणी कोणी केली याची सलग नोंद हवी असते. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट या रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा निव्वळ गोड माल पुरेसा नाही, हे त्याला कळले. प्लॉटची नोंदणी, औषधांच्या फवारणीची वही आणि रेसिड्यू तपासणी यांच्या बळावर निर्यात सावरली.

संरक्षण उद्योगालाही हीच शिस्त लागते, पण तिचा खर्च लहान उद्योजकाला एकट्याने झेपत नाही. सामायिक चाचणी केंद्रांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी केंद्राची योजना २०२० मध्ये आली. अशा सोयी लहान कारखान्यांच्या आवाक्यात यायला हव्यात, आणि एका देशाचे तपासणी प्रमाणपत्र दुसऱ्याने पुन्हा न तपासता मानावे, अशी तरतूद प्रत्येक संरक्षण करारात हवी. दिल्ली, मॉस्को आणि वॉशिंग्टनमधल्या सह्या गरजेच्या आहेतच. पण अंबडमध्ये घडलेला भाग परदेशी विमानात विनासायास बसू लागेल, तेव्हाच त्या सह्यांचे चीज झाले असे म्हणता येईल.

(पुढील भागात : तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणजे नेमके काय मिळते?)