टॉरंट कधी सुसाट, कधी ठप्प. दर वेळी दोष लाइनचाच असतो असं नाही

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण टॉरंटवर आकडा १२ च्या पुढे सरकत नाही. दुसरी फाइल लावली तर वेग २०० केबीवर रखडतो. आणि एखाद्या दिवशी प्लॅनपेक्षाही जास्त वेग दिसतो! अशा वेळी अनेकजण केबलवाल्याला फोन लावतात, नाहीतर महागडा प्लॅन घेतात. पैसे जातात, वेग तिथेच राहतो.

आधी आकडा नीट वाचा

कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, टॉरंटचं सॉफ्टवेअर सहसा मेगाबाइटमध्ये दाखवतं. ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. स्क्रीनवर ११-१२ दिसत असेल तर लाइन उत्तम चालू आहे.

फाइल येते कुठून?

एरवी फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरंट पद्धतीत मात्र फाइलचे छोटे तुकडे होतात आणि ते तुमच्या-आमच्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवरून येतात. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे तो सीडर. सीडर भरपूर असतील तर तुमची लाइन पूर्ण भरते. दोनच सीडर असतील आणि त्यांचा अपलोड कमी असेल, तर तुमचा प्लॅन कितीही मोठा असो, उपयोग नाही.

द्याल तर मिळेल

सॉफ्टवेअर साधारण दर १० सेकंदांनी बघतं, की आपल्याला कोण चांगलं देतंय. त्यालाच परत दिलं जातं. दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला संधी मिळते. सुरुवातीला तुमच्याकडे द्यायला काहीच नसतं, म्हणून वेग हळूहळू चढतो. अपलोड अगदीच दाबून टाकला तर तोटा आपलाच. पण तो पूर्ण मोकळाही सोडू नये. अपलोड तुडुंब भरला की 'तुकडा मिळाला' ही पोच अडकते आणि डाउनलोडही मंदावतो. अपलोडची मर्यादा क्षमतेच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवलेली बरी.

प्लॅनपेक्षा जास्त कसा?

घरातल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल असेल, तर तुकडे तिथूनच येतात, बाहेरच्या इंटरनेटवरून नाही. प्लॅनची मर्यादा त्यांना लागत नाही. काही स्थानिक ब्रॉडबँडवाल्यांच्या नेटवर्कमध्येही असं घडतं.

९९ टक्क्यांवर गाडी अडली तर 'अव्हेलेबिलिटी'चा आकडा बघा. तो १ पेक्षा कमी असेल, तर जोडलेल्या सगळ्यांकडचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पूर्ण होत नाही. नवा सीडर येईपर्यंत थांबणं एवढंच हातात उरतं.

मोबाइल डेटावर तर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात. बाहेरून कुणाला थेट जोडता येत नाही आणि देणारे कमी मिळतात. शिवाय अपलोडही डेटा पॅकमधूनच कापला जातो.

कायद्याचं काय?

टॉरंट हे तंत्र बेकायदेशीर नाही. उबुंटू आणि डेबियन आपल्या लिनक्स प्रणाली अधिकृतपणे टॉरंटनेही देतात. पण नवा सिनेमा विनापरवाना उतरवणं हा कॉपीराइटचा भंग आहे. त्यातही तुम्ही नुसते घेत नाही, तुकडे पुढे वाटताही. आणि तुमचा आयपी पत्ता जोडलेल्या इतरांना दिसतो.

फोन करण्याआधी ही चाचणी

उबुंटूच्या संकेतस्थळावरचा टॉरंट लावून १० मिनिटं बघा. तो पूर्ण वेगाने आला तर लाइन ठीक आहे, अडचण आधीच्या फाइलची. तोही रखडला तर वाय-फाय बाजूला ठेवून केबल थेट कॉम्प्युटरला जोडा आणि साधी स्पीड टेस्ट घ्या. तिथेही वेग कमीच आला, तर मग केबलवाल्याला खुशाल फोन करा.